टाकीचं झाकण

राजदूत चार किलोमीटर नीट चालायची.
पाचव्याला, अडाणच्या पुलाच्या अलीकडे,
आधी खोकायची,
मग उतारावरून नुसतीच घरंगळायची, मुकी.

पाठीला क्लॅरनेटची पेटी, अंगात बँडचा लाल कोट,
झालर घामानं काळी पडलेली,
आणि तिकडे दारव्ह्यात नवरदेव घोड्यावर खोळंबलेला.
फोनवर झिंगुजी मास्तर:
"कुठी मेला बे? पब्लिक नाचाले उभी हाये."

मी उतरायचो. झाकण उघडून टाकीत डोकवायचो.
पेट्रोल असायचं, अर्ध्याच्या वर.
झाकण लावायचो, दोन किका, की चालू.

गावात म्हणाले, पुलाखाली आसरा हायेत,
वाजवणाऱ्याले धरतात. नारळ फोड.
फोडला.
दुसऱ्या दिवशी तिथंच बंद पडली.
खोबरं मात्र गोड निघालं.

शब्बीर मिस्त्री होता तेव्हा एक हाक पुरे व्हायची.
तो आता बुटीबोरीत, पोराजवळ.
फोनवर म्हणाला, "कार्बोरेटर खोल, डरू नको.
फक्त जेटात तार नको घालू.
भोक मोठं झालं तं मग जन्मभर पेट्रोल पीत राहीन."

मेच्या दुपारी सपरीत पांढरं धोतर अंथरलं,
बारीक वस्तू दिसाव्यात म्हणून.
वाटी उघडली तर तळाशी चहापत्तीसारखा गाळ,
आणि एक मुंगी, पेट्रोलात मुरलेली, अख्खी.
सुईखालची स्प्रिंग उडाली ती थेट तुराट्यांच्या ढिगात.
फुटक्या भोंग्याचं चुंबक फिरवत
अर्धा तास मी तिथं रांगत होतो.
शेजारच्या खिल्लाऱ्यानं शेपटीचा एक केस दिला,
लाथही दिली. केस जेटातून पार ओढला,
मग जेट ओठांना लावून फुंकला.

तीस वर्षं फुंकतोय, पण एवढ्या बारक्या भोकातून नाही.
त्या रात्री हळदीत
माझ्या पहिल्या सुराला पेट्रोलचा वास होता.

तीनदा खोललं, तीनदा जोडलं.
कॉकची गाळणी धुतली, नळी बदलली,
फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत काही वाजतंय का.
घराशी गाडी अशी बोलायची की चुलीजवळचं मांजर उठून जायचं.
पाचव्या किलोमीटरला तेच.

मग बेबीला घेऊन निघालो, तिच्या भाचीच्या साखरपुड्याला.
पूल आला. बंद.
मी उतरलो, सवयीनं झाकण फिरवलं.
सूंऽऽ

"थांबा," बेबी म्हणाली. "हे आत ओढते पाहा."
"काय ओढते?"
"हवा. तेलाच्या पिप्याले एकच भोक पाडलं तं तेल येते काय?
समोरून दुसरं पाडा लागते."

मी, जो पोरांना शिकवतो
की आधी श्वास घ्या, सूर मग काढा,
गप्प उभा.

तिनं झाकण उलटं केलं.
मधल्या भोकावर माती, विटेसारखी पक्की.
कुंभारीण माशीनं घर केलं होतं.
बेबीनं खांद्यावरची साडीची पिन काढली,
पदर दातात धरला, कोरत बसली.
माती निघाली, तिच्यातून मुगाएवढा वाळका कोळी,
पिलासाठी भरून ठेवलेला शिधा.
"अगं बाई," ती म्हणाली, आणि तो फुंकून नाही दिला,
रस्त्याकडेच्या रुईच्या पानावर ठेवला.

एका किकेत चालू.
मी म्हटलं, बस, उशीर झाला.
ती बसली नाही.
नारळाची करवंटी अजून कठड्याशी पडली होती,
तिथपर्यंत चालत गेली,
खालच्या कोरड्या वाळूकडे पाहून हात जोडले.

"आता कशाले?" मी ओरडलो.
"उगीच नाव घेतलं ना बायांचं," ती म्हणाली.
"चार महिने."

गाडी मी बंद केली नाही.
फक्त रेस कमी केली.